भिंतीकडं तोंड केलेली खुर्ची

“कडी लावली.”

बाकीची माणसं जिथं ‘बरं’ म्हणतात, ‘काळजी करू नका’ म्हणतात, तिथं ते एवढंच म्हणायचे. लग्नाची तारीख सांगायला कुणी आलं की वहीत लिहून घ्यायचे आणि म्हणायचे, कडी लावली. कुणी घरातलं काही नको ते बोलून गेलं की मान खाली घालून ऐकायचे आणि शेवटी, कडी लावली. म्हणताना उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट जुळवून हवेत आडवं सरकवायचे. जणू समोर खरंच दार आहे आणि त्याची कडी जरा घट्ट बसते.

कळंबला आमच्या गल्लीत, आमच्यापासून चौथं घर त्यांचं. ते लग्नाचं शूटिंग करायचे. गाव त्यांना शूटिंगवाले म्हणायचं, आम्ही पोरं शूटिंगवाले काका. त्यांचं खरं नाव मला बारावीला असताना कळलं, आणि कळल्यावर ते त्यांना शोभत नाही असं वाटलं. म्हणून इथंही लिहीत नाही.

उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली होता. त्या खांद्यावर वीस-पंचवीस वर्षं कॅमेरा होता, तो जुना, पायलीच्या पोत्यासारखा जड. कॅमेरा गेला, खांदा काही वर आला नाही. रिकाम्या हातानं रस्त्यानं चालले तरी काहीतरी सांभाळत चाललेत असंच दिसायचं.

मला ते म्याडम म्हणायचे. तिसरीत होते तेव्हापासून. “काय म्याडम, पाटी फुटली का?” असं. म्याडम म्हणायचे आणि अरे-तुरेच करायचे. का म्हणता, विचारलं की काही सांगायचे नाहीत. अंगठा आणि बोट हवेत सरकवायचे.

आताचे शूटिंग करणारे तुम्ही पाहिलेच असतील. डोक्यावर ड्रोन भणभणत असतं, नवरी आईच्या गळ्यात पडली की ‘एकदा परत’ म्हणतात. आमचे काका बायकांच्या घोळक्यापाशी आले की आधी तळहात भिंगावर ठेवायचे. “घेऊ का, आक्का?” साठीची असो की सतराची, त्यांना सगळ्या आक्का. कुणी पदर सावरून मान हलवली की तळहात निघायचा. कुणी नको म्हटलं की राहायचा. त्यामुळं त्यांच्या प्रत्येक कॅसेटमध्ये मधेच पाच-सात सेकंद नुसता लालसर अंधार येतो आणि आतून बांगड्यांचा आवाज. तो लालसर अंधार म्हणजे त्यांचा तळहात. उन्हात धरलेला.

त्यांच्या धंद्याचा एक नियम होता, तो आधी सांगते. एका लग्नाच्या ते दोन कॅसेटी करायचे. एक मुलीच्या घरची, एक मुलाच्या घरची. अक्षता, सप्तपदी, पंगती दोन्हींत सारख्या. पण मुलीकडची हळद फक्त मुलीकडच्या कॅसेटमध्ये आणि मुलाकडची फक्त मुलाकडच्या. हळदीच्या दिवशी घरात बायांचं राज्य असतं. गाणी म्हणतात, नाचतात, सोंगं काढतात. आणि सोंग कुणाचं काढणार? व्याह्यांचंच. ती कॅसेट तिकडं पोचली तर नव्या सोयरिकीतच भांडण लागायचं. दोन्हीकडची हळद पाहिलेला माणूस गावात एकच, आणि त्यानं कडी लावलेली.

मग कॅसेटी गेल्या. लोकांनी व्हीसीआर भंगारात घातले आणि कॅसेटी ट्रंकेत, माळ्यावर, जिथं ओल होती तिथं. आमचीही तशीच गेली. पावसाळ्यात माळा गळला, कॅसेटला बुरशी धरली आणि फीत एकमेकीला चिकटून बसली. पण काकांकडं प्रत्येक लग्नाची मूळ प्रत होती. धंदा बसला तेव्हा त्यांनी जुना कॉम्प्युटर घेतला आणि त्या सगळ्या प्रती एकेक करून त्यात भरल्या. तीन तासांची कॅसेट भरायला तीन तासच लागतात, घाई चालत नाही. पाच-सहा वर्षं ते रोज तेवढंच करत होते. त्या कॉम्प्युटरला ते डबा म्हणायचे. डब्यावर काकूंनी विणलेला रुमाल, शेजारी इन्व्हर्टर, आणि आभाळात जरा गडगडलं की काका चपला न घालता धावत येऊन प्लग काढायचे.

दुपारी तीनच्या सुमाराला त्यांच्या पुढच्या खोलीत गेलं की आधी काही दिसायचं नाही. खिडकीला जाड निळा पडदा होता. डोळे सरावले की बाकावर बसलेली माणसं दिसायची, मग भिंतीवरचा टीव्ही, मग टीव्हीतली माणसं. पुष्कळदा तीच, पण तरुण. बाहेर आडतीवर ज्वारीची पोती उतरत असायची, त्यांचा धप्प-धप्प आवाज यायचा, आणि इथं कुणाचा तरी बाप बावीस वर्षांपूर्वीच्या उन्हात पाण्याचा जग घेऊन पंगतीतून चाललेला असायचा. चित्र जुनं झाल्यानं मांडवाचे रंग एकमेकांत विरघळलेले. सगळी माणसं पाण्याखालून चालल्यासारखी, हळू, कुणालाही कसली घाई नसल्यासारखी. बाकावरच्या बाया डोळ्याला पदर लावायच्या, मधेच हसायच्या. कधी कुणी तिथंच भिंतीला टेकून झोपून जायचं. उठवायचं नाही, असं काकूंचं सांगणं होतं.

आणि काका? ते टीव्ही लावून द्यायचे, आपली लोखंडी खुर्ची उचलायचे आणि समोरच्या भिंतीकडं तोंड करून बसायचे. टीव्हीकडं पाठ. तीन-तीन तास. आधी मला वाटलं डोळे दुखत असतील. विचारलं तर म्हणाले, “ज्याचं त्यानं बगावं. म्या एकदा बगितलंय, कामापुरतं.”

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय ही गोष्ट पुढं जात नाही. माझे वडील आडतीवर हमाल, आई तिथंच धान्य चाळायला जायची. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यात डिग्री घेतलेली मी पहिली. हे मी सगळीकडं सांगते, इथंही सांगते. कळंबच्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स केलं आणि आता पुण्यात एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. सर्व्हर म्हणजे दुसरं काही नाही, काकांचा डबाच, फक्त खोलीभर. डिग्रीचा कागद हातात आला तेव्हा आई नव्हती. शेवटच्या वर्षाच्या दिवाळीत गेली. तिचे चार फोटो आहेत. चारींत ती शाळेच्या तपासणीला उभी राहिल्यासारखी ताठ उभी आहे.

हलणारी, बोलणारी आई जगात एकाच ठिकाणी होती. काकांच्या डब्यात, ताईच्या हळदीत.

ताई माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी, येडशीला दिलेली. तिच्या हळदीला आईनं ताईच्या सासूबाईंचं सोंग काढलं होतं. बैठकीला आल्या तेव्हा त्या बाईंनी म्हणे आमच्या घरातलं एकेक भांडं बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं होतं, किती जड आहे ते. तर आई कुणाचा तरी जाड भिंगांचा चष्मा लावून, पदर काखेत खोचून, मान एका बाजूला टाकून घरभर फिरते. हंडा वाजवते, परात वाजवते, शेवटी खाली बसलेल्या एका म्हातारीचं डोकं वाजवते आणि म्हणते, “जरा हलकंच हाय, पन चालंल.” बाया लोळतात. आई स्वतःच हसून वाकते, चष्मा नाकावर येतो, आणि तेवढ्यात तिला कॅमेरा दिसतो. तोंडावर पदर घेते आणि पदरामागून म्हणते, “भाऊ, हे त्यांच्याकडं जाऊ देऊ नका बरं.” कॅमेऱ्यामागून आवाज येतो, “कडी लावली, आक्का.” आणि मग लालसर अंधार.

दोन मिनिटं आणि थोडं वर. त्यासाठी मी पुण्याहून एसटीनं सात तास यायचे.

डबा इंटरनेटला जोडा, म्हणून मी काकांच्या मागं लागले. म्हणजे कुणालाही आपापल्या घरी बसून आपलं लग्न बघता येईल. आधी सांगितलं, सगळं एखाद्या मोठ्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवा, तुम्हाला डबा सांभाळायला नको. ते म्हणाले, किल्ली शेजाऱ्याकडं ठेवता येती, शेजारी ओळखीचा असतो. मी म्हटलं, त्यांच्याकडं कुलपं मोठी असतात. “कुलूप मोठं असलं की चोरबी मोठा येतो, म्याडम.” बरं, तसं नको तर डबा घरीच राहू द्या, फक्त बाहेरून यायला एक दार करते. त्यावर नुसते हसले.

त्यांचंच खरं होतं असंही नाही. एकदा डब्यातली एक डिस्क मेली आणि तिची दुसरी प्रत काढायची राहून गेली होती. शेजारच्या वाशी तालुक्यातल्या एका गावातली दोन लग्नं गेली. काका दोन्ही घरी स्वतः सांगायला गेले. एका घरात त्यांना चहा पाजून पाठवलं. दुसऱ्या घरात एका म्हातारीनं विचारलं, आमचे मालक त्यात टोपी घालून बसले होते, ते पण गेले का? परत आल्यावर ते दोन दिवस जेवले नाहीत, असं काकू सांगायच्या. त्यानंतर दुसरी डिस्क आली, तिसरी आली, एक लातूरला लेकीकडं राहिली. पण दार नको ते नकोच.

शेवटी मी म्हटलं, “काका, मला आई बघायला सात तास लागतात. अन् सात तास परत.”

त्यांनी उठून डब्यावरचा रुमाल काढला, त्याची घडी घातली. मग म्हणाले, “कर दार.”

मी दोन दिवस बसून दार केलं. आणि अभिमानानं केलं, खोटं कशाला सांगू. लांबलचक पासवर्ड, पाच वेळा चुकला की दार बंद, कोण कधी आलं त्याची नोंद. काकांना सगळं समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग विचारलं, चोर कुठून येणार म्हणती? मी म्हटलं, कुठूनही, जगातून.

“जगाला आपल्या हळदीचं काय?” ते म्हणाले. “आपल्या हळदीचं ज्याला काही हाय, त्यो जगातून न्हाय येत.”

मी ते हसण्यावारी नेलं. मग त्यांनी विचारलं, एका लग्नाला किल्ल्या किती? एक, मी म्हटलं. एक लग्न, एक नाव, एक पासवर्ड. ते म्हणाले, दोन पाहिजेत. मी म्हटलं, काका, नवरा-बायकोचं लग्न एकच असतं ना? ते काही बोलले नाहीत. नंतर विचार केला तेव्हा कळलं, ते मला चूक म्हणत नव्हते. मी शिकलेली, मला यातलं कळत असणार, असं समजून गप्प बसले होते. त्या गप्प बसण्याची मला अजून लाज वाटते.

पहिला आठवडा मी आईला रोज बघितलं. ऑफिसला जाताना, जेवताना, झोपायच्या आधी. दुसऱ्या आठवड्यात दिवसाआड. मग एकदा बसस्टॉपवर उभी होते, एका कानात हेडफोन, बस येताना दिसत होती, आणि आई अजून परातच वाजवत होती. मी बोटानं तिला पुढं ढकललं. जाहिरात ढकलतात तशी. बसमध्ये चढल्यावर लक्षात आलं मी काय केलं ते.

तेवढ्यात येडशीचा फोन आला.

ताईच्या लग्नाचा वाढदिवस होता, तर तिच्या धाकट्या दिरानं हौसेनं पासवर्ड मागून घेतला होता. मीच दिला होता. त्यानं टीव्हीला जोडून सगळ्या घराला लग्न दाखवलं. सासूबाई पुढं पाटावर बसलेल्या. लग्न संपलं, खाली अजून दोन नावं दिसली, ‘हळद, कळंब’ आणि ‘हळद, येडशी’. त्यानं पहिलं दाबलं. आमच्या मावशी, म्हणजे ताईच्या सासूबाई, मी त्यांना मावशी म्हणते, त्यांनी ती दोन मिनिटं शेवटपर्यंत बघितली. मग उठून आत गेल्या. दिरानं मात्र तोवर मोबाईलवर टिपून ते पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मावशींनी ताईच्या हातचं जेवण सोडलं. स्वतःची चूल वेगळी मांडून भाकरी थापायला लागल्या. बावीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. ताई फोनवर रडताही येईना आणि हसताही येईना अशी बोलत होती. म्हणाली, आई गेली तरी मला बोलणी खायला लावतीय बघ.

मी सुट्टी टाकून कळंबला आले. काकांना सगळं सांगितलं. ते उठले, डब्यामागची इंटरनेटची वायर काढली, हाताला गुंडाळत गुंडाळत तिची गोल जुडी केली आणि खिळ्याला अडकवली. मला एक शब्द रागाचा बोलले नाहीत.

“म्या तुझ्या आईला शब्द दिलता,” एवढंच म्हणाले.

ते मला कुणी थोबाडीत मारावी तसं लागलं. कारण ते बाहेर गेलं होतं माझ्यामुळं. आईला मी बघावी म्हणून आईचाच शब्द मोडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही येडशीला गेलो. वाटेत काका खिडकीतून बाहेर बघत होते. मी विचारलं, काय बोलणार तुम्ही? ते म्हणाले, जे हाय ते.

मावशी पडवीत ज्वारी निवडत बसल्या होत्या. चष्मा तसाच, जाड भिंगांचा. काका पायरीवर बसले, पाणी प्याले. ताई दारात उभी, मी तिच्यामागं.

“आक्का, चूक माझी हाय. दार म्या उघडू दिलं,” काका म्हणाले.

मावशी सुपातून वर न बघता म्हणाल्या, “मेलेल्या मान्साला काय बोलायचं? पन सगळ्यांनी बगितलं.”

“व्हय.”

मावशींनी सूप पाखडलं. मग काका हळूच म्हणाले, “तुमचंबी हाय माझ्याकडं. त्याच दिवसाचं. सकाळचं.”

त्या दिवशीचा क्रम तुम्हाला सांगायला हवा. नवरदेवाला लावून उरलेली हळद नवरीकडं येते, ती उष्टी हळद. म्हणजे आधी हळद येडशीला, मग कळंबला. काकांनी सकाळी येडशीचं शूटिंग केलं आणि हळदीचं ताट घेऊन आलेल्या जीपमधूनच दुपारी आमच्याकडं आले. एकाच दिवशी दोन्ही अंगणं त्यांनी पाहिलेली.

मावशींचा हात सुपात थांबला. येडशीच्या घरची कॅसेट त्यांनी आल्या दिवशीच ट्रंकेत कुलूपबंद केली होती, ताईनंही ती कधी बघितली नव्हती. मला वाटलं, काका आता सौदा करणार: त्यांचं उघडं पडलं, तुमचंही उघडं करतो. पण ते तसलं काही बोललेच नाहीत.

“ते तसंच हाय,” ते म्हणाले. “वायर काढली. कडी लावलीया. तेवढंच सांगाया आलो.”

मावशींनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. मग विचारलं, “कुनी बगितलं?”

“कुनी न्हाय. म्याडमनं नोंदीत बगितलं.”

“तुमी?”

“त्या दिवशी कॅमेऱ्यातून. डब्यात भरताना भिंतीकडं तोंड करून बसलो.”

मावशींच्या खांद्यातून काहीतरी उतरलं. मला ते स्पष्ट दिसलं. ही बाई इतके दिवस रागानं वेगळी चूल मांडून बसली नव्हती. आईचं सोंग टीव्हीवर दिसल्या दिवसापासून ती वाट बघत होती, की आता आपलं कधी दिसतंय आणि सुनेसमोर आपण काय तोंड दाखवायचं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि पदराआड हसायला लागल्या. आवाज नाही, नुसते खांदे. मग ताईकडं न बघता म्हणाल्या, “च्या टाक की पाव्हण्यास्नी. मलाबी टाक.”

ताईनं चहा आणला. मावशींनी तो बशीत ओतून प्याला. एवढंच झालं. परत येताना काकांनी एसटीत डोळे मिटून घेतले आणि रामलिंगच्या झाडीतनं गार वारा येत होता तेवढा वेळ शांत झोपले.

डब्याला परत वायर लागली नाही. मला म्हणाले, “तुझी आई हितं हाय. येत जा.” मी येत गेले. दीड-दोन महिन्यांनी. सात तासांच्या वाटेत बार्शी यायच्या आधीच मला आई दिसायला लागायची. चष्मा, काखेत खोचलेला पदर.  काका लावून द्यायचे, खुर्ची उचलायचे, भिंतीकडं वळायचे. दोन मिनिटं मी आईकडं बघायचे आणि मला त्यांची पाठ दिसायची, उजवा खांदा दोन बोटं खाली. परत लावा, असं मी कधी म्हटलं नाही. तसं म्हणावंसं वाटलंच नाही. जेवढी होती तेवढी पुरायची.

गेल्या थंडीत ते गेले. दुपारी, खुर्चीतच. बाकावर एक कुटुंब त्यांचं लग्न बघत बसलं होतं. लग्न संपलं तरी काका वळेनात, तेव्हा त्यांना कळलं. दहाव्याला ठेवायला फोटो शोधला तर घरात एकही धड फोटो नाही. तालुक्याची लग्नं त्या माणसानं भरून ठेवली आणि एकाही लग्नात तो नाही. आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतला, तो कुणाचाही वाटतो.

काकू लातूरला लेकीकडं राहायला गेल्या. डब्यावरच्या रुमालाखाली काकांची वही होती. त्यात प्रत्येक लग्नाची दोन घरं, आणि प्रत्येक घरापुढं कुणाकुणाला दाखवायचं त्यांची नावं. शेवटच्या पानावर माझं नाव, नुसतं म्याडम. लेकीनं घराची किल्ली माझ्या हातात दिली. मी येते तेव्हा आता पडदा ओढते, डबा लावते. लोक येतात.

परवा ताई आली, मावशींना घेऊन. मावशींचे गुडघे गेलेत, तरी एसटीनं आल्या. बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, आधी तुजी आई लाव. मी लावली. आई भांडी वाजवत घरभर फिरली. मावशी पुढं वाकून बघत होत्या आणि ताईला सांगत होत्या, अगदी अशीच वाजवायची म्या, काय चूक न्हाय तिची. म्हातारीच्या डोक्यापाशी तर त्या इतक्या हसल्या की ताईला त्यांची पाठ चोळावी लागली.

मग डोळे पुसून म्हणाल्या, “आता माजं लाव.” ताईला म्हणाल्या, “तू च्या टाक जा.” आणि माझ्याकडं बघून बोट हवेत गोल फिरवलं.

मी वहीत बघितलं. येडशीच्या घरापुढं त्यांचं एकटीचंच नाव होतं. मी लावलं, लोखंडी खुर्ची उचलली आणि भिंतीकडं तोंड करून बसले. त्या खुर्चीत मी पहिल्यांदाच बसत होते. समोर चुन्याची भिंत, तिच्यावर काही नाही. निळ्या पडद्यातून आलेला उजेड तेवढा हलत होता.

मागून ताटावर धरलेला ठेका आला, बायांचा कल्ला आला. आणि मग मावशींचा आवाज, तरुण, खणखणीत. त्या माझ्या आईचं सोंग काढत होत्या. आईसारखा ‘न्हाय’ लांबवून, आईसारखं प्रत्येक वाक्याला ‘बरं का’ लावून. आईला मी मागं वळून बघू शकत नव्हते, पण ती तिथं होती, दुसऱ्या बाईच्या तोंडात.

“आमी हमाल मानसं बरं का,” तो आवाज म्हणाला, “पन थोरलीचं झालं की धाकटीला म्या शिकवनार. लई शिकवनार. माजी धाकटी म्याडम व्हनार, बरं का, म्याडम!”

बाया खो खो हसल्या. तेव्हा मी तिसरीत होते. बैठकीला आई पाव्हण्यांसमोर असं काही बोलून गेली होती, हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. हे सोंग ज्यानं कॅमेऱ्यामागून ऐकलं होतं तो माणूस तेव्हापासून मला त्याच नावानं हाक मारत होता, आणि का ते विचारलं की हवेत बोट सरकवत होता.

हसणं ओसरलं. धाप लागलेला मावशींचा आवाज आला, “भाऊ, हे तिकडं जाऊ देऊ नका हां.”

आणि अगदी जवळून, कानाशी बोलावं तसं, “कडी लावली, आक्का.”

मग नुसता बांगड्यांचा आवाज. मागं टीव्हीवर आता तो लालसर अंधार असणार, मला भिंतीवर त्याचा जरासा उजेड दिसला.

“म्याडम,” मावशी म्हणाल्या, “वळ आता.”

मी लगेच वळले नाही.